झेंड्याला मालक शोधू नका

ऑगस्ट जवळ आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पणजीत अठरा जून रस्त्यावर, मडगावात पालिकेच्या आसपास तिरंगी टोप्या, बॅज, टी-शर्ट लटकायला लागतात आणि त्यांच्याबरोबर दरवर्षीचा तो वाद पण बाहेर निघतो. एक पार्टी म्हणते तिरंग्याच्या डिझाइनवर भारत सरकारचा कॉपीराइट आहे, परमिशन नसताना छापलात तर केस पडणार. दुसरी म्हणते कसला कॉपीराइट घेऊन बसलात, झेंडा लोकांचा, लोकांनी कशावरही छापावा, कोण विचारतंय. मग कोणीतरी तिरंग्याचा पहिला नमुना काढणाऱ्या पिंगली वेंकय्यांचं नाव काढतो की त्यांच्या वारसांना रॉयल्टी द्यायला पाहिजे होती, दुसरा कोणी अमेरिकेत लोक झेंड्याची चड्डी घालून फिरतात त्याचा दाखला देतो, आणि शेवटी गाडी देशभक्तीवर जाते आणि मग काय, आमच्या गोव्यातल्या मराठी-कोकणी वादासारखं ते संपतच नाही. मधल्या मध्ये बिचारा स्क्रीन प्रिंटिंगवाला, ज्याला शाळेच्या ऑर्डरचे शंभरेक टी-शर्ट छापायचेत, तो घाबरून बसतो.

मला वाटतं दोघंही चुकीचं पुस्तक उघडून भांडताहेत. तिरंग्यावर आज कोणाचाही कॉपीराइट नाही, सरकारचा नाही, वेंकय्यांच्या कुटुंबाचा नाही, काँग्रेसचाही नाही, आणि माझं म्हणणं तर असं की कुठल्याच देशाच्या झेंड्यावर तो असू नये. पण म्हणून रान मोकळं आहे असं समजणारेही तेवढेच चुकलेत. झेंड्यासाठी जे कायदे आहेत ते त्याच्याशी वागायचं कसं याचे आहेत, तो कोणाच्या मालकीचा हे त्यात कुठेच नाही, आणि हा फरक सुटला की केवढा घोळ होतो ते ऑस्ट्रेलियानं दाखवून दिलंय. त्याच्याकडे येतोच.

आधी घरचं बघू. कॉपीराइट म्हणजे नक्कल कोणी करायची आणि कोणी नाही हे ठरवायचा हक्क. तो मिळायला कोणीतरी कर्ता लागतो, त्या कर्त्याचं स्वतःचं काहीतरी त्यात असावं लागतं आणि मुदत संपलेली नसावी लागते. तिरंग्याचा कर्ता कोण? १९२१ साली बेजवाड्याला वेंकय्यांनी गांधीजींना जो नमुना दाखवला त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. चरखा घालावा हे जालंदरच्या लाला हंसराज यांचं सुचवणं असं सांगतात, आणि पांढरा पट्टा गांधीजींच्या सांगण्यावरून आला. १९३१ मध्ये काँग्रेसनं लाल रंगाच्या जागी केशरी आणला आणि पट्ट्यांचा क्रम बदलला. जून १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, चरख्याच्या जागी चक्र आलं, या शेवटच्या रूपाशी बद्रुद्दीन आणि सुरैया तय्यबजी या जोडप्याचंही नाव जोडलं जातं, आणि २२ जुलै १९४७ ला नेहरूंनी ठराव मांडला तो संविधान सभेनं मंजूर केला. चक्र तर सारनाथच्या स्तंभावरचं, अशोकाच्या वेळच्या कारागिरांनी दगडात काढलेलं, बावीसशे वर्षांपूर्वीचं. आता मला सांगा, रॉयल्टीचा चेक कोणाच्या नावानं फाडायचा?

बरं, समजा कर्ता सापडला. समजा कोर्टानं उद्या म्हटलं की वेंकय्याच कर्ते. ते वारले ४ जुलै १९६३ ला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं धरायची, म्हणजे २०२३ च्या डिसेंबरअखेर विषय संपला. आणि सरकारच कर्तं असं मानलं तर सरकारी कृतीची मुदत प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, म्हणजे १९४७ चा झेंडा २००७ संपता संपता मोकळा झाला. कुठल्याही वाटेनं जा, तारीख उलटून गेलीय. याच हिशेबानं आमचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचं बघा. ते गेले डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत जिवंत आहे. तरी कलंगुट-बागाच्या टी-शर्टांवर, मगांवर, पिशव्यांवर मारियोच्या वळणाच्या बायका आणि पाव विकणारे पोदेर न विचारता छापलेले दिसतात, आणि त्या दुकानातून जाताना कॉपीराइटची आठवण कोणालाच होत नाही. जिथे खरोखर कॉपीराइट आहे तिथे आम्ही बिनधास्त आणि जिथे नाही तिथे एकमेकांना नोटिशीची भीती घालतो. याला काय म्हणावं?

त्यात तीन पट्टे आणि मध्ये गोल, एवढ्यावर हक्क सांगायला निघालात तर सगळं जग कोर्टात उभं राहील. नायजरचा झेंडा बघितलाय? १९५९ साली घेतलेला, वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्याच्या मध्ये नारिंगी गोळा. लांबून बघितलं तर आपलाच वाटतो. भारतानं नोटीस पाठवली? नाही, आणि पाठवली असती तर लोक हसले असते. चाड आणि रुमानियाचे झेंडे जवळपास एकच आहेत, निळ्या रंगाच्या छटेचा काय तो फरक, २००४ साली चाडनं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली, त्यातून काही निघालं नाही आणि दोघं आजही तेच झेंडे फडकवतात. इंडोनेशिया आणि मोनॅको यांची तीच गोष्ट. मला सगळ्यात आवडते ती १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची. तिथे पोचल्यावर हैती आणि लिश्टेनस्टाइन या दोन देशांना कळलं की आपला झेंडा सेम टु सेम आहे. निळा वर, लाल खाली, बस. पहिल्यांदा कोणी काढला, कोणी कोणाचा चोरला असली भाषा कोणी केली नाही, पुढच्या वर्षी लिश्टेनस्टाइननं आपल्या झेंड्यावर एक मुकुट बसवला आणि विषय मिटला. देशादेशांमध्ये झेंड्याबाबत जी रीत आहे ती ही अशी, शेजाऱ्याशी घोळ होत असेल तर आपण थोडं बदलायचं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे गेलो तर हा लेखही त्या वादासारखाच होईल. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा झेंडा, वर काळा, खाली लाल, मध्ये पिवळा सूर्य. तो काढला हॅरल्ड थॉमस या आदिवासी चित्रकारानं, १९७१ मध्ये, ॲडलेडच्या एका मोर्चासाठी. पुढच्या वर्षी कॅनबेरात संसदेसमोर आदिवासींनी तंबू ठोकून धरणं धरलं तिथे तो फडकला आणि बघता बघता सगळ्या समाजाचा झाला. १९९५ मध्ये सरकारनं त्याला देशाच्या अधिकृत झेंड्यांमध्ये घेतलं. १९९७ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं निकाल दिला की याचा कर्ता थॉमस, कॉपीराइट त्याचा. म्हणजे अधिकृत झेंड्यावर एका माणसाचा खाजगी हक्क, कोर्टाच्या शिक्क्यासकट. जे म्हणतात झेंड्यावर कॉपीराइट असूच शकत नाही, त्यांनी हा निकाल वाचावा. असू शकतो. एकट्या माणसानं काढलेला असेल, तो हयात असेल, त्यानं हक्क सोडला नसेल तर कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो आणि कायद्याच्या चौकटीत ते बरोबरच आहे.

आणि यात एक नैतिक बाजू आहे जी मला खरंच अडवते. ज्या लोकांची जमीन गेली, मुलं घरातून उचलून नेली, त्यांच्यातल्या एका माणसाकडे आयुष्यात एक कायदेशीर हक्क आला, आणि तेव्हाच सगळ्यांना आठवलं की ही तर समाजाची ठेव, ती फुकट हवी? गोऱ्या चित्रकारांच्या बाबतीत हा प्रश्न एवढ्या जोरात आला असता का? थॉमस यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. कलाकारानं पैसे मागितले की तो लोभी, आणि त्याच चित्राचे टी-शर्ट विकून दुकानदार कमावतो तो उद्योजक, हा हिशेब आमच्या गोव्यातल्या तियात्रवाल्यांना आणि दशावतारी कलाकारांना चांगला माहिती आहे.

पण पुढे झालं काय ते बघा. २०१० च्या ऑस्ट्रेलिया डेला गुगलच्या पानावर एका शाळकरी मुलीचं बक्षीस मिळालेलं चित्र यायचं होतं, त्यात हा झेंडा होता, परवानगी मिळाली नाही म्हणून झेंडा काढून चित्र लावलं. २०१८ मध्ये कपड्यांवर छापायचे हक्क एका कंपनीला दिले गेले, ती कंपनी आदिवासींची नव्हती, आणि तिनं ज्यांना पत्रं धाडली त्यांच्यात आदिवासींच्याच आरोग्यासाठी कपडे विकून पैसे उभे करणारी आदिवासी संस्था होती. २०२० मध्ये तिथल्या फुटबॉल लीगच्या खास आदिवासी फेरीत मैदानावर तो झेंडा रंगवला नाही. ज्यांचा झेंडा तेच त्याचे भाडेकरू. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम मोजून कॉपीराइट विकत घेतला आणि मग लोकांना आपला झेंडा आपल्या अंगावर बिनधास्त घालता आला. थॉमस यांना पैसे मिळाले याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरं झालं. पण ते पैसे १९९५ मध्ये, झेंडा अधिकृत करायच्या आधी द्यायला हवे होते. हक्काचा निकाल न लावता राजपत्रात झेंडा घातला ही चूक सरकारची आणि तिची किंमत पंचवीसेक वर्षं त्या समाजानं भरली. तेव्हा हे उदाहरण कॉपीराइटच्या बाजूचं म्हणून जे पुढे करतात त्यांना मी एवढंच विचारतो की या सगळ्यात झेंड्याचं रक्षण नेमकं कधी झालं?

झेंडा काढणाऱ्याला काय द्यायचं हा प्रश्न तसा जुनाच आहे. अमेरिकेच्या पहिल्या झेंड्याचं डिझाइन आपलं असं सांगणारा फ्रान्सिस हॉपकिन्सन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, त्यानं १७८० साली सरकारकडे मोबदला मागितला, आणि मागितला काय तर सरकारी कोठारातलं वाइनचं एक पिंप. (आमच्याकडचा असता तर फेणीचा गाराफांव मागितला असता.) सरकारनं नाही म्हटलं. कारण दिलं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं, की या कामात सल्ला देणारे तुम्ही एकटे नव्हता आणि तुम्ही आधीच सरकारी पगारावर आहात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य झेंड्याची १९०१ मध्ये स्पर्धा झाली, सारखीच डिझाइन्स पाठवणारे पाच जण निघाले आणि २०० पौंडांचं बक्षीस पाचांत वाटलं, हिशेब तिथल्या तिथे पुरा. न्यूझीलंडनं २०१५ मध्ये झेंडा बदलायचा घाट घातला, दहा हजारांवर डिझाइन्स आली, त्यातली ४० निवडली आणि त्यातलं एक लगेच मागे घ्यावं लागलं कारण हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या संस्थेनं सांगितलं हे आमच्या चित्रावरून उचललंय. हे मला योग्य वाटतं. जोवर ते चित्र आहे तोवर चित्रकाराचा हक्क चालावा. पण एकदा तो झेंडा म्हणून काठीवर चढला की मग त्याच्यावर कोणाचा असा दावा शिल्लक राहता कामा नये, सगळे व्यवहार त्याच्या आधी व्हायला हवेत.

म्हणूनच वेंकय्यांचा मुद्दा मला पटतो आणि त्यावरचा उपाय पटत नाही. त्यांचे शेवटचे दिवस गरिबीत गेले, सरकारला त्यांची आठवण खूप उशिरा आली, टपाल तिकीट निघालं ते २००९ मध्ये. ही लाज वाटायची गोष्ट आहे. पण यावर औषध पेन्शन होतं, मान होता, हयातीतला एक ताम्रपट होता. प्रत्येक झेंड्यामागे चार आणे रॉयल्टी हे औषध नव्हे. आणि मला नाही वाटत त्यांनी ते घेतलं असतं. १९१६ मध्ये त्यांनी झेंड्यांच्या नमुन्यांचं पुस्तिकारूपी काम छापलं ते लोकांनी बघावं, उचलावं म्हणूनच.

हे झालं पहिल्या पार्टीचं. आता दुसरी, झेंडा सगळ्यांचा म्हणून काहीही करा म्हणणारी. सगळ्यांचं म्हणजे बेवारस असं समजलं की काय होतं ते गोंयकाराला मी सांगायला नको. कोमुनिदादची जमीन सगळ्या गांवकारांची होती, पण म्हणून कोणीही उठून कुंपण घालावं असं नव्हतं, कोणी कसायचं, बांध कोणी दुरुस्त करायचा, पाणी कधी सोडायचं याचे कडक रिवाज होते, एवढे की १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी ते लिहून काढून फोराल, म्हणजे रिवाजांची सनद, बनवला. रिवाज सुटले आणि मग त्या जमिनींवर काय काय उभं राहिलं ते रस्त्यानं जाता-येता दिसतंच. तसं झेंड्याचं आहे. मालक कोणी नाही, नियम आहेत.

आणि ते चांगले दणकट आहेत. १९५० च्या प्रतीकं आणि नावांच्या गैरवापराच्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी, ट्रेडमार्क म्हणून किंवा डिझाइन म्हणून तिरंगा वापरता येत नाही. दंड तेव्हा ठेवला पाचशे रुपयांपर्यंत, ज्यात आज मासळीची एक बऱ्यापैकी थाळी येईल न येईल, पण कायदा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही असली चिन्हं रजिस्टर होत नाहीत. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात अपमानाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं त्यात बारीक यादी घातलीय: कमरेखाली वापरायचा नाही, उशी, रुमाल, आतले कपडे यांच्यावर छापायचा नाही, झेंड्यावर काही लिहायचं नाही. म्हणजे तिरंग्यावर दुकानाचं नाव छापून चवथीच्या ऑफरसकट वाटणाऱ्याला खरी भीती या कायद्याची हवी. यातलं कुठलंही कलम सरकार झेंड्याचं मालक आहे असं म्हणत नाही. सगळी कलमं वागणुकीबद्दल आहेत.

बाहेरच्या झेंड्यांचंही असंच. औद्योगिक मालमत्तेचा जो पॅरिस करार आहे, ज्यात भारत १९९८ मध्ये सामील झाला, त्यात एक कलम आहे की सदस्य देशांचे झेंडे कोणाला ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करू द्यायचे नाहीत. फुटबॉलचा विश्वचषक आला की दक्षिण गोव्यात साष्टीतल्या निम्म्या बाल्कन्यांवर पोर्तुगालचा लाल-हिरवा झेंडा लागतो. लावा बापडे, रोनाल्डोसाठी लावताहेत, गोव्यावर राज्य करणारा हुकूमशहा सालाझार याच्यासाठी नाही, आणि त्यावरून दरवेळी राष्ट्रद्रोहाची आरोळी ठोकणाऱ्यांनी जरा मॅच बघावी. पण तोच झेंडा कोणी आपल्या बारचा रजिस्टर्ड ब्रँड करायला गेला तर त्याला तो मिळणार नाही. बघा, लावायची मोकळीक आणि बळकवायला बंदी, दोन्ही एकत्र नांदतात आणि कॉपीराइटचा त्यात कुठेच संबंध येत नाही.

आणखी एक मुद्दा काही शहाणी माणसं मांडतात, की मालकी नसली की दर्जा जातो. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, पॉलिस्टरचे, मशीनवर बनवलेले झेंडे चालतील असं झालं, २०२२ मध्ये हर घर तिरंगा आलं आणि बाजारात वाकड्या चक्राचे, तिरके कापलेले झेंडे आले. इकडे आपल्या शेजारी हुबळीला बेंगेरीत खादीचा प्रमाणित झेंडा बनवणारं केंद्र, त्यांचा एकेक धागा मोजून घेतलेला, त्यांच्या पोटावर पाय आला. हे दुखणं खरं आहे, मलाही खादीचाच झेंडा आवडतो. पण हे कॉपीराइट नसल्यामुळे झालं का? दर्जाचं मानक १९५१ पासून आहे, तीन पट्टे सारखे, लांबी-रुंदी ३:२, चक्राला २४ आरे, सगळं लिहिलेलं आहे. नियम सरकारनंच सैल केला. मालकी हक्क सरकारच्या हातात असता तर त्याच सरकारनं लायसन्स काढलं असतं आणि टेंडर भरून ते कोणी मिळवलं असतं याचा अंदाज तुम्हाला मला आहेच. खादी वाचवायची तर सरकारी कचेऱ्या, शाळा, पंचायती यांनी खादीचेच झेंडे घ्यावेत असा आदेश काढा, एका पानात काम होईल.

आणि आता माझ्या मनातलं मुख्य. झेंड्याची किंमत त्याच्या नकलेतच असते. कादंबरीची चोरटी प्रत निघाली तर लेखकाचं नुकसान होतं, झेंड्याच्या जितक्या जास्त प्रती निघतील तितका तो झेंडा होतो. १९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला, सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी होती आणि गावोगावची माणसं येऊन, घरी शिवलेले झेंडे घेऊन अटक करून घेत होती. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो आणि सोबतचे सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि तिरंगा चढवला, दुसऱ्या देशाच्या हद्दीत, पोलिसांच्या नाकावर टिच्चून. पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पत्रादेवीला आणि सीमेवर जागोजागी हजारो सत्याग्रही हातात तिरंगे घेऊन आत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मेली, पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल त्यांच्यातलाच. त्यांच्या हातातले झेंडे मापात होते का, चक्राचे आरे चोवीस होते का, कापड कोणत्या गिरणीचं होतं? परवानगी कोणाची घेतली होती? सालाझारची? इथे तिरंगा आला तोच बेकायदा होऊन आला. जो झेंडा लोकांनी कोणालाही न विचारता वर चढवल्यामुळे आपला झाला त्याला आता छापायच्या हक्काचा मालक शोधत बसायचं, हे मला विचित्र वाटतं.

स्वतंत्र देशातही हे सहज मिळालं नाही हे लोक विसरतात. साध्या नागरिकाला रोज आपल्या घरावर, कारखान्यावर झेंडा लावायची मोकळीक नव्हती, ठराविक दिवस सोडले तर तो मान सरकारी इमारतींचा आणि मोठ्या साहेबांच्या गाड्यांचा. रायगडच्या आपल्या कारखान्यावरचा झेंडा उतरवायला लावला म्हणून नवीन जिंदल कोर्टात गेले (हे मध्य भारतातलं रायगड, आताच्या छत्तीसगडमधलं), आणि जानेवारी २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मानानं झेंडा फडकवणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, वाजवी बंधनं घालता येतील पण हक्क नागरिकाचा आहे. कॉपीराइटच्या भाषेत बोलायचं तर नागरिक परवानगी मागणारा होतो. या निकालाच्या भाषेत तो हक्कदार आहे. दोन्हीपैकी कुठली भाषा वापरायची हे नुसतं वकिलांवर सोडायचं काम नाही.

मग त्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला काय सांगायचं? इथे मात्र सरकारनं स्वतःचं घर आवरायला पाहिजे. १९७१ च्या कायद्यातली ती यादी वाचा, कमरेखाली वापरू नका म्हणतात म्हणजे वर चालतो असं वाटतं, तोवर पुढेच येतं की कुठल्याही कपड्याच्या कापडावर छापू नका. त्यात झेंड्याच्या व्याख्येत त्याचं चित्र आणि चित्राचा भागही धरलेला. मग शाळेच्या टी-शर्टवर छातीवर छोटा तिरंगा चालेल की नाही? १९५० च्या कायद्यातला धंदा म्हणजे नेमका कुठला, झेंडे विकणारा पण धंदाच करतो ना? कॉपीराइटच्या अफवेला या धुक्यामुळेच जागा मिळते. गृहमंत्रालयानं टी-शर्ट, टोपी, पॅकिंग, जाहिरात या चार-पाच गोष्टींबद्दल हो किंवा नाही असं सरळ भाषेत, मराठीत आणि कोकणीतही, एकदा लिहून टाकावं, आणि झेंड्याची बरोबर मापाची, बरोबर रंगांची डिजिटल फाइल कोणालाही फुकट उतरवून घेता येईल अशी ठेवावी. वाकडं चक्र छापणारा बहुतेक वेळा इंटरनेटवरून मिळेल ते चित्र उचलतो, वाईट हेतू नसतो त्याचा.

आणि गोव्यापुरतं एक. आमच्याकडे सरकारी खाती, महोत्सव, पंचायती यांना बोधचिन्हं लागतात आणि ती बहुतेक स्पर्धा घेऊन मिळवली जातात. जाहिरातीत बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरात आणि सगळे हक्क आयोजकांचे ही ओळ खाली मुंगीएवढ्या अक्षरात. तरुण पोरं पाठवतात, जिंकतात, नंतर त्यांचं चित्र रस्त्यावरच्या फलकांवर झळकतं तेव्हा खाली मंत्र्यांचं नाव असतं, काढणाऱ्याचं नसतं. हक्क जरूर घ्या, पूर्ण घ्या, म्हणजे उद्या थॉमससारखं प्रकरण होणार नाही. पण त्याची रक्कम वेगळी लिहा, करारावर सही घ्या, आणि चिन्ह जिथे जिथे अधिकृतपणे छापाल तिथे चित्रकाराचं नाव द्यायचं बंधन स्वतःवर त्याच करारात घालून घ्या.